अँबेसेडर परत आणा म्हणे! आधी डिकी कुठे गेली ते सांगा

धंतोलीकर :
काल इथे एकाने लिहिलं, "जुन्या अँबेसेडरसारखी ऐसपैस टॅक्सी पुन्हा काढा, हवं तर इलेक्ट्रिक करा. आजच्या डबड्यांत चार माणसं सुखानं बसत नाहीत." खाली बदामांचा पाऊस. रात्री उत्तर लिहून खोडलं, सकाळी तर्री-पोहे खाताना पुन्हा राग आला.

टेप घ्या आणि मोजा. अँबेसेडरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2464 मिलिमीटर. आज नागपूर स्टेशनबाहेर उभ्या असणाऱ्या डिझायरचं 2450. फरक 14 मिलिमीटर, म्हणजे खर्ऱ्याच्या पुडीएवढाही नाही. रुंदीला तर डिझायरच जास्त. गाडी ऐसपैस नव्हती राजेहो, आपण बारीक होतो.

आम्ही नऊ जण रामटेकला जायचो. मी वडील आणि ड्रायव्हरच्या मधे, कारण समोर सलग बाक आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. कामठी यायच्या आत धाकट्याची पहिली उलटी काकूच्या पदरात. मे महिन्यात गाडी मनसरच्या अलीकडे बंद पडायची. बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि ते थंड होईस्तोवर लिंबाखाली बसायचं. याला तुम्ही सुवर्णकाळ म्हणता?

खरं सांगू? आपल्याला ती गाडी आठवत नाही, हिवाळी अधिवेशनातला तिच्यावरचा लाल दिवा आठवतो. 2017 मध्ये दिवा गेला, गाडी त्याआधीच 2014 मध्ये गेली. जाऊ द्या की.

मानेवाड्याची ताई :
मापं पाठ आहेत तुम्हाला. गुडघे आहेत का?
माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. अँबेसेडरची उंची जवळपास 1.6 मीटर होती आणि सीट दिवाणासारखी. आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. आत्ताच्या गाडीत ती विहिरीत उतरावं तशी उतरते, आणि बाहेर काढताना दोघं लागतात. हे तुमच्या टेपवर येत नाही.

आणि डिकी! डिसेंबरात लेकीकडे पुण्याला निघाले. दोन बॅगा, संत्र्याच्या दोन पेट्या. ड्रायव्हरने डिकी उघडली तर आत सीएनजीचा सिलिंडर आडवा झोपलेला. एक पेटी माझ्या मांडीवर, दुसरी आईच्या. ऑपरेशनवाल्या मांडीवर! वर भाडं पूर्ण.

जरीपटका टॅक्सी :
ताई, सिलिंडर मी हौसेनं नाई लावला. पेट्रोलवर चालवली तं कंपनीचं कमिशन आन् बँकेचा हप्ता देऊन घरी काय नेऊ, पेट्रोलचा वास? तुमाले वाटते ड्रायव्हर डिकी खाऊन टाकते. बुकिंगमध्ये दोन माणसं दाखवता, खाली येऊन पाहतो तं चार माणसं, तीन बॅगा, एक कुकर. कुकर कोन घेऊन जाते पुण्याले?

मानेवाड्याची ताई :
कुकर माझा नव्हता. आणि घेऊन गेले असते तर तो माझा प्रश्न.

हिशेबी माणूस :
सीएनजी परवडतो हे नागपुरात कोण बोलून राहिलं? मार्च 2022 मध्ये आपल्याकडे 120 रुपये किलो झाला होता, देशात सगळ्यात महाग म्हणून बातम्या आल्या. मग कर कमी केला तेव्हा कुठे खाली आला. डिकीही गेली आणि बचतही गेली, वा!

जरीपटका टॅक्सी :
भाऊ, तुमी एकदा हप्ता भरा, मग हिशेब सांगा. त्या महिन्यात मी दोन दिवस गाडीच काढली नाई. बातमी तुमी वाचली, टाकी मी भरली.

उमरेड रोड :
मला एक कळत नाही. नागपुरात टॅक्सी होतीच कुठे बे? सायकलरिक्षा होता, ऑटो होता. आपल्याकडे काळीपिवळी म्हणजे ट्रॅक्स जीप. मुंबईवाले पद्मिनी टॅक्सीसाठी रडतात ते समजतं, त्यांची शेवटची ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षं भरून रस्त्यावरून गेली. आपण कोणाची चप्पल घालून रडून राहिलो?
ऐसपैस म्हणाल तर ट्रॅक्स. पंधरा माणसं, दोन बकऱ्या, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. काढा तिलाच इलेक्ट्रिक.

धंतोलीकर :
हा पहिला शहाणा प्रतिसाद. बाकी सगळे डिकीत अडकलेत.

मानेवाड्याची ताई :
डिकीत अडकायला डिकी तर हवी.

जुना फिटर, कॉटन मार्केट :
भांडून झालं असेल तर मूळ सांगतो. डिकी सिलिंडरनं नंतर खाल्ली, आधी करानं खाल्ली. 2006 च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनच्या गाड्यांचं उत्पादनशुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. धंतोलीकर ज्या डिझायरचं माप सांगतात, ती 2008 मध्ये आली तेव्हा 4160 मिलिमीटर होती. 2012 मध्ये नवी आली ती 3995. चाकांमधलं अंतर उलट थोडं वाढवलं, मागची शेपूट कापली. पुढे जीएसटीतही चार मीटरची रेघ राहिलीच. अँबेसेडर सव्वाचार मीटरच्या वर. ती आज तशीच काढली तर कराच्या टेबलावरच मरेल.

म्हणून परत आणायचं ते काय, एवढंच ठरवा. नाव म्हणाल तर ते 2017 मध्ये प्यूजोला 80 कोटींना विकलं गेलं. 2022 मध्ये नव्या इलेक्ट्रिक अँबेसेडरच्या बातम्या आल्या, स्टँडवर गाडी काही आली नाही. नुसतं गोल बॉनेट नव्या सांगाड्यावर चढवाल तर ताईंच्या आईला त्याचा काय उपयोग? उंच छत, सपाट बैठक आणि रिकामी डिकी मागा. लंडनची काळी टॅक्सी तशीच आहे. आता बॅटरीवर चालते, सोबत छोटं पेट्रोल इंजिन, आणि मागे सहा जण, तिघं उलट्या तोंडानं. तिथे टॅक्सी टॅक्सी म्हणूनच बांधतात. आपण घरगुती गाडीवर पिवळी पाटी ठोकतो.

बाकी ओल्या फडक्याचं खरं आहे. मी स्वतः हजार वेळा टाकलं. पण ती गाडी रस्त्यात पान्यानं उघडून दुरुस्त व्हायची. आत्ताची लॅपटॉप लावल्याशिवाय नाडी देत नाही.

धंतोलीकर :
म्हणजे मी म्हणतो तेच. अँबेसेडर परत यायला नको.

जुना फिटर, कॉटन मार्केट :
तुम्ही म्हणाला होता की ती ऐसपैस नव्हती. होती. उंचीला होती.

धंतोलीकर :
बरं, उंचीला होती. टोपी घालून बसता यायचं. लिहून घ्या.

हिशेबी माणूस :
इलेक्ट्रिकचं नाव आपल्यासमोर नको. मे 2017 मध्ये देशातला पहिला मोठा ई-टॅक्सीचा प्रयोग इथेच सुरू झाला, 200 गाड्यांची घोषणा करून. आज त्यांतली एक दाखवा.

जरीपटका टॅक्सी :
माह्या सोबत्याकडं होती एक. लेकाचा चार्जिंगच्या रांगेत झोपा काढे. पन एक सांगतो, मनापासून नाई तरी सांगतो, तिच्यात गॅसची टाकी नव्हती. फिटरकाका, उंच छताची, रात्री घरी चार्ज होनारी आन् हप्ता माह्या आवाक्यातला अशी गाडी असन तं मले नाव कोनतंबी चालते. अँबेसेडर म्हना नाई तं बकरी म्हना.

उमरेड रोड :
बकऱ्या दोन होत्या.

मानेवाड्याची ताई :
जरीपटकावाले दादा, शनिवारी सकाळी अजनी स्टेशन. आई, मी, एक बॅग आणि संत्र्याची एकच पेटी. आधीच सांगून ठेवते.

जरीपटका टॅक्सी :
या ना ताई. पेटी समोरच्या सीटवर ठेवू, बेल्ट लावून. कुकर नाई न?