तेलात बुडवलेला लसूण फ्रिजबाहेर टिकेल का?

प्रश्न
उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवा लसूण येतो तेव्हा मी तो बराच घेऊन ठेवते. यंदा सोललेल्या पाकळ्या बरणीत भरून त्यावर शेंगदाण्याचे तेल ओतावे, म्हणजे रोजच्या फोडणीसाठी लसूण आणि त्याच्या वासाचे तेल दोन्ही हाताशी राहील, असा विचार आहे. पाकळ्या पूर्ण बुडाल्या तर बुरशी धरणार नाही, असे वाटते. सासूबाईंनी घातलेले लसणाचे लोणचे वर्षभर फडताळात राहते, मग हा लसूण का राहू नये?

प्रतिसाद १
ताई, कृपया असे करू नका. लसूण जमिनीखाली वाढतो आणि मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्याच्याबरोबर घरात येऊ शकतात. एरवी ते निपचित असतात, परंतु जिथे ओल व ऊब आहे, आम्लता कमी आहे आणि प्राणवायू पोहोचत नाही, अशा जागी ते वाढतात व अतिशय जहाल विष तयार करतात. तेलाखालच्या पाकळीत हे सारे एकत्र येते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहात फ्रिजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना विषबाधा झाली होती. अशा लसणाचा वास किंवा चव बिघडतेच असे नाही, त्यामुळे वास घेऊन पाहण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही.

लोणचे टिकते ते लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि भरपूर मीठ यांच्यामुळे. सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हा जिवाणू वाढत नाही; नुसत्या लसणाचा सामू सहाच्या आसपास असतो. आम्ल आणि मीठ तेलात विरघळत नाहीत, ते पाकळीत मुरावे लागतात, म्हणून बरणीत वरून लिंबू पिळणे पुरेसे नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
सविस्तर उत्तराबद्दल आभार. पाकळ्या तेलात मंद आचेवर शिजवून मग भरल्या तर?

प्रतिसाद २
तरीही नाही. हे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, त्यांना दाबाखालचे १२१ अंश तापमान लागते. तेल कितीही तापले तरी पाकळीत पाणी आहे तोवर तिचा गाभा १०० अंशांच्या फारसा पुढे जात नाही.

तेलातला लसूण थोडाच करावा, लगेच फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. जास्त दिवसांसाठी मला फ्रीझरच सर्वांत सोयीचा वाटतो: लसूण तेलाबरोबर वाटून बर्फाच्या साच्यात गोठवला की फोडणीला एक वडी पुरते आणि काही महिने चिंता राहत नाही. फडताळातच ठेवायचा असेल तर सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसतील असे तुकडे करून, वजनाने एक भाग लसणाला तीन भाग या प्रमाणात तीन टक्के सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात किमान २४ तास बुडवावेत, निथळावेत आणि मगच तेलात घालावेत. यात अंदाजपंचे माप चालत नाही, वजनकाटा हवाच.

प्रतिसाद ३
कोणाकडे अशी बरणी आधीच बाहेर ठेवलेली असेल तर ती चाखून न पाहता टाकून द्यावी. असा लसूण खाण्यात आला असेल आणि पापण्या जड होणे, एकाची दोन दिसणे, गिळताना किंवा बोलताना त्रास होणे असे काही जाणवले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात जावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.