९ विभाग, पदं ४: निर्णय कुठल्या पद्धतीने घ्यायचा?

प्रश्न
मी विद्यापीठाच्या नियोजन समितीत आहे. ९ विभाग पदं मागतायत आणि आहेत फक्त ४. दरवेळी जो जोरात बोलतो त्याच्याकडे पद जातं आणि जिथे विद्यार्थी दुप्पट झालेत तो विभाग तसाच राहतो, मला हे खरंच सहन होत नाही. एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस, निकषांना वेटेज देऊन निर्णय घ्यायची पद्धत) कुणी प्रत्यक्ष वापरलीय का?

प्रतिसाद १
हो, वापरलीय. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धत. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे, कुठला किती महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं, त्यातून प्रत्येकाचं वेटेज निघतं. ६ निकष घेतले तर १५ तुलना होतात, १० घेतले की थेट ४५, मग लोक कंटाळून काहीही भरतात. संशोधन अध्यापनाच्या ३ पट, अध्यापन सुविधांच्या २ पट आणि तरी सुविधा संशोधनापेक्षा वर असं कुणी भरलं तर सुसंगती गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) ०.१० च्या वर जातं आणि ते लगेच पकडलं जातं, परत भरायला लावा. पण सगळ्यात महत्त्वाचं, वेटेज आधी ठरवा, विभागांचे आकडे नंतर उघडा. आम्ही उलटं केलं आणि प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या फायद्याचा निकष वर ढकलला.

प्रतिसाद २
वेटेज ठरवायला डेल्फी वापरा. नाव न घालता मतं, मग सगळ्यांचा सारांश दाखवायचा, मग पुन्हा फेरी. कुलगुरू समोर असले की ज्युनियर लोक गप्प बसतात, नाव नसलं की मोकळं लिहितात. डीईए (डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, किती साधनांत किती काम होतं त्यावरून विभागांची कार्यक्षमता काढायची पद्धत) कुणी सुचवलं तर नको म्हणा, ९ च विभाग आणि ५-६ मोजमापं असली की जवळजवळ सगळेच शंभर टक्के कार्यक्षम निघतात.

प्रतिसाद ३
मला सूत्राची जास्त काळजी वाटत नाही, हजेरीची वाटते. कोहेन, मार्च आणि ओल्सेन यांनी १९७२ मध्ये विद्यापीठांकडे बघूनच गार्बेज कॅन मॉडेल मांडलं, समस्या, उपाय आणि माणसं आपापल्या वाटेने येतात आणि त्या वेळी जे समोर असेल ते एकमेकांना चिकटतं. बैठकीला कोण नाही ते आधी बघा. आणि लहान विभाग? गुणांत ते कायम शेवटीच येणार, पण एक माणूस निवृत्त झाला की विभागच बंद पडतो. किमान किती शिक्षक हवेत ते गुण काढायच्या आधी ठरवा, ते वेटेजमध्ये घालू नका.

प्रश्नकर्ता
किमान संख्येचं डोक्यातच आलं नव्हतं हो. आमच्या तत्त्वज्ञानात २ च जण उरलेत आणि त्यातले एक सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, म्हणजे एक पद तिथेच गेलं, उरली ३. सोमवारच्या बैठकीला फक्त निकषांचा कागद नेतो, विभागांचे आकडे पाकिटात बंद.