गिरिपुष्प: फांदी की बी?
गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया, कुंपणाला आणि बांधावर लावतात ते झाड. त्याची फांदी खोचली की झालं, बी कशाला लावायचं असं काही जण म्हणतात, ते कुंपणापुरतं बरोबर आहे, पावसाच्या तोंडाला जून फांदी रोवली की जगते. पण आमच्याकडं राधानगरीच्या बाजूला उतारावरची खाचरं आहेत, तिथल्या बांधावर मात्र बियाचंच झाड लावा कारण फांदीच्या झाडाची मुळं वरच्या वर पसरतात, बियाच्या झाडाचं सोटमूळ खोल जाऊन बांध धरतं. बी उन्हाळ्यात मिळतं, शेंगा पिवळ्या-तपकिरी व्हायला लागल्या की तोडून घ्यायच्या, झाडावर वाळल्या की तडकन फुटतात, सालं पिळवटतात आणि चपटं बी लांब उडतं, मग हाती काही लागत नाही. रात्रभर भिजवून माती भरलेल्या पिशवीत टाकलं की लवकर उगवतं.

आणि शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून झाड उपटू नका हो, ताज्या पाल्याचा वास उग्र असतो. कापून एक दिवस सुकवा आणि दुसऱ्या वैरणीत थोडा मिसळा, हळूहळू सवय होते. घोड्याला मात्र अजिबात नको, त्याला हा पाला विषारी आहे.