ऊस निघालेली 2 गुंठे जागा भाजीसाठी घेतलीय, सुरुवात कशी करू?

मिरजेजवळ काळी जमीन, 3 वर्षांचा करार. पाणी दिलं की साचतं, वाळलं की वर पांढरं फुटतं. जिप्सम (जमीन सुधारायची खनिज भुकटी) टाकू का?

उत्तर 1
आधी माती तपासा, मग जिप्सम. 7-8 ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे 20 सेंमी खोल खड्डे घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून एकत्र करा, त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. बांध, खताच्या ढिगाची जागा टाळा. सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून बसलेलं) सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे चोपण जमीन. तिथंच जिप्सम चालतं. नुसती खारवट (क्षार जास्त, पण सोडियम कमी) असेल तर पैसे वाया. क्षार पाण्याबरोबर खाली जायला हवेत, म्हणून उताराच्या बाजूला चर काढा.

उत्तर 2
दादा, सपाट वाफे करूच नका. 3 फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफे करा. शेणखत गुंठ्याला 200 किलो, पण पुरतं कुजलेलं. कच्च्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि उसाच्या रानात ती आधीच असते. उसाच्या खोडक्या वेचून काढा. लव्हाळ्यावर (जमिनीत गाठी धरणारं तण) रोटाव्हेटर फिरवला तर गाठी रानभर पसरतात, तिथं कुदळच बरी.

उत्तर 3
पावसाळा तोंडावर असेल तर निम्म्या जागेत धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, फुलोऱ्याआधी साधारण 45 दिवसांनी मातीत गाडा. उरलेल्यात पालक, बीट लावून बघा, खार सोसतात. घेवडा मात्र यंदा नको, पानांच्या कडा करपतील. बी पेरल्यावर पाटानं पाणी सोडलं तर पापुद्रा धरतो आणि कोंब आतच अडकतात. झारीनं द्या.