शब्दचर्चा: 'पॅराट्रान्झिट'ला सरळ वडाप म्हणावं का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातली माणसं कामाला, कॉलेजला, दवाखान्यात कशी जातात याची एक पाहणी आहे. पुढं सातारा जिल्ह्यातही करायची आहे. प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडं आलंय. मूळ मसुद्यात 'पॅराट्रान्झिट' पदोपदी येतो. मार्ग साधारण ठरलेला, वेळापत्रक नाही, गाडी खाजगी मालकाची आणि भाडं माणशी, अशा वाहतुकीला आपल्याकडच्या अभ्यासांत हा शब्द लावतात. आधी कुणीतरी त्याचं 'अर्ध-सार्वजनिक परिवहन' करून ठेवलंय. मिरजेच्या स्टँडबाहेर भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या मावशींना हे वाचून दाखवायची माझी तरी हिंमत नाही. त्या म्हणणार 'वडाप'. छापील प्रश्नावलीत हा शब्द चालेल का? शिवाय 'फ्रिक्वेन्सी' आणि 'लोड फॅक्टर' हे दोन अडलेत.

पाटणखोरे
चालेल की! कराड-पाटण रस्त्यावर दुसरा शब्दच नाही. 'वडापनं आलो', 'वडाप भरलं की सुटतंय', 'त्याची जीप वडापला असते'. नपुंसकलिंगी. आमच्याकडं 'ओढणे'चं 'वडणे' होतं. सीटं वडून वडून गाडीत कोंबायची म्हणून वडाप, असं जुनी माणसं सांगतात. (सीट म्हणजे बाकडं नव्हे, माणूस. 'दोन सीट कमी हायती, निघतोच' यातलं सीट.)

शब्दपारखी
'ओढ'चं 'वड' होतं हे मान्य. पण शेवटचा 'आप' कुठून आला? जुना छापील दाखला कुणी दाखवेपर्यंत मी याला लोकव्युत्पत्तीच म्हणेन.

तुमच्या कामाला मात्र व्युत्पत्तीपेक्षा वापर महत्त्वाचा. विदर्भात याच धंद्याला काळीपिवळी म्हणतात. ते नाव गाडीच्या रंगावरून आलं. टमटम म्हटलं की तीन चाकांचं वाहन डोळ्यांपुढं येतं. वडाप हे कुठल्याच वाहनाचं नाव नाही. जीप वडापला असते, रिक्षा असते, मॅजिकही असते, आणि तीच जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेली की त्या दिवशी ती वडाप नसते. भरली की सोडायची, माणशी पैसे घ्यायचे, या रीतीचं ते नाव आहे. पॅराट्रान्झिट हीसुद्धा रीतच, तेव्हा याहून नेमका प्रतिशब्द मिळणं कठीण. एवढंच की सोलापूर-कोल्हापूर पट्ट्याबाहेर प्रश्नावली गेली तर शब्द बदलावा लागेल.

माजी वाहक, वाई
माझं थोडं वेगळं मत. आम्ही एसटीत असताना कागदोपत्री एकच शब्द होता: 'अवैध प्रवासी वाहतूक'. त्यामागं कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये दोन प्रकार वेगळे धरलेत. टप्प्याटप्प्यानं माणशी भाडं घेऊन लोक चढवायचे-उतरवायचे ती टप्पा वाहतूक, आणि अख्खी गाडी एका ठरावानं घ्यायची ती कंत्राटी. वडापच्या जीपला परवाना असलाच तर तो बहुतेक कंत्राटी, आणि काम करते टप्प्याचं. म्हणून अवैध. रीतसर मंजूर शेअर रिक्षाही लोकांच्या बोलण्यात वडापच असते, तेव्हा दोन्ही एका शब्दात घालताना जपून.

'लोड फॅक्टर'साठी डोकं खाजवू नका. एसटीत त्याला भारमान म्हणतात, पेपरातही तोच शब्द येतो. चाळीस आसनांच्या गाडीत सरासरी वीस माणसं असली तर भारमान पन्नास टक्के. पण या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. सकाळची गावाकडून येणारी गाडी दारापर्यंत खचाखच असते, तीच गावाकडं जाताना रिकामी गेलेली असते. दोन्हींची सरासरी निम्म्यावर येते आणि साहेब म्हणतात, फेरी परवडत नाही. दारात लोंबकळणारं पोर त्या सरासरीत कुठं दिसत नाही.

विश्रामबागकर
काका, भारमान लगेच घेतला. 'अवैध' मात्र प्रश्नावलीत नको वाटतो. 'तुम्ही अवैध वाहतुकीनं प्रवास करता का?' याला 'हो' कोण म्हणेल? लोक तिथंच फॉर्म परत देतील. कायद्याचा भेद पुढच्या उपप्रश्नात काढू: गाडी कोणती, रिक्षा की जीप.

'सार्वजनिक वाहतूक' या शब्दाचीही तीच गत. दोघा-तिघांना सहज विचारून पाहिलं, 'सार्वजनिक वाहनानं जाता का?' उत्तर आलं, 'नाही, वडापनं जातो.' त्यांच्या लेखी सार्वजनिक म्हणजे सरकारी, म्हणजे एसटी.

यानं आकडे कसे फिरतात बघा. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना कामावर कसे जाता हे विचारलं होतं. त्यात 'कार/जीप/व्हॅन' असा एक गट होता, 'टेम्पो/रिक्षा/टॅक्सी' असा दुसरा आणि 'बस' तिसरा. आता वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जाणाऱ्यानं नुसतं 'जीप' सांगितलं, तर तो बंगल्यासमोर स्वतःची कार लावणाऱ्याच्या गटात गेला. हा तक्ता बघून कुणी पार्किंगची गरज काढायला बसला तर गाडी नसलेला माणूस गाडीवाला म्हणून मोजला जाणार. आमच्या प्रश्नावलीत वडापला स्वतःचा रकाना हवा, हे माझ्या मनात आता पक्कं झालंय.

गणिताचा तास
'फ्रिक्वेन्सी'ला 'वारंवारिता' नको, ती ध्वनिलहरींना राहू द्या. तासाला किती गाड्या ते फेऱ्या, आणि दोन गाड्यांमधल्या वेळेला सरळ अंतर म्हणा. 'किती किती वेळानं गाडी आहे?' हा प्रश्न कुणालाही कळतो.

पण नुसतं सरासरी अंतर विचारलंत तर फसाल. तासाला दोन गाड्या, बरोबर अर्ध्या तासानं आल्या, तर कधीही स्टॉपवर येणाऱ्या माणसाला सरासरी पंधरा मिनिटं थांबावं लागतं. त्याच दोन गाड्या एकदा दहा मिनिटांच्या आणि एकदा पन्नास मिनिटांच्या अंतरानं आल्या तर? फेऱ्या तेवढ्याच, सरासरी अंतरही तीसच. पण पन्नासच्या पोकळीत येऊन अडकणारी माणसं जास्त असतात, त्यामुळं सरासरी थांबणं २१ मिनिटांच्या वर जातं. सांगली-मिरज रस्त्यावर 'अर्धा तास काही नाही आणि मग दोन बस एकामागं एक' हे ज्यानं भोगलंय त्याला सूत्राची गरज नाही. म्हणून 'फेऱ्या किती' याच्या जोडीला 'काल किती वेळ थांबलात' हेही विचारा.

शिवाय स्टॉपवर उभं राहण्याची मिनिटं माणसाला गाडीत बसलेल्या मिनिटांपेक्षा जड जातात. वाहतूक नियोजनात ती साधारण दुप्पट धरायची पद्धत आहे. वडापवाला इथं हुशार. तो आधी बसवून घेतो. गाडी हललेली नसते, पण निघाल्यासारखं वाटतं.

कोरेगावचे मास्तर
'वडाप का घेता' असा प्रश्न असेल तर एक पर्याय आवर्जून घाला: 'एसटी बंद झाली म्हणून'. आमच्या शाळेतल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास आहे. शाळेच्या वेळेची फेरी भारमान कमी म्हणून काढली की पास दप्तरात राहतो, कारण वडापवाला पास चालवत नाही. मग एक तर रोजचं भाडं, नाहीतर शाळेला दांडी. आणि वडाप सुरू झालं की एसटीचं उरलेलं भारमानही घसरतं, मग पुढची फेरी जाते. उलट १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर आमच्या फाट्यावर एक बदल दिसतो. नवरा वडापनं पुढं जातो, बाई एसटीची वाट बघत थांबते. तेव्हा एका घराला एकच उत्तर धरू नका, माणसागणिक विचारा.

पाटणखोरे
मास्तर, आमच्याकडं सासूबाई एसटीनं आणि सूनबाई वडापनं. सुनेला कामावरची वेळ गाठायची असते.

शब्दपारखी
आणखी एक. 'अर्बन मोबिलिटी'चं 'शहरी गतिशीलता' कुठं केलं असेल तर काढा. गतिशील असते ती अर्थव्यवस्था. 'ये-जा' हा शब्द पुरेसा आहे.

विश्रामबागकर
काढलं. आता प्रश्न असा केलाय: 'काल घरातून बाहेर पडलात तेव्हा कशानं गेलात? पायी / सायकल / स्वतःची मोटरसायकल / दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून / स्वतःची कार / एसटी किंवा सिटी बस / वडाप (रिक्षा, जीप, इतर) / रेल्वे.' एका प्रवासात दोन-तीन वाहनं झाली असतील तर सगळी क्रमानं लिहायची.

माजी वाहक, वाई
ठीक आहे. फक्त दुधाची गाडी राहिली. पहाटे कॅनच्या शेजारी बसून तालुक्याला येणारी माणसं अजून आहेत, त्यांना 'इतर'मध्ये ढकलू नका.