शब्दचर्चा : कोरियातल्या 'गुन'ला मराठीत काय म्हणायचं? जिल्हा, तालुका की काउंटी?

शेवचिवडा : मंडळी, एक मदत पाहिजे. आमच्या ग्रुपसाठी कोरिया ट्रिपची माहिती मराठीत लिहितेय (अर्धा ग्रुप के-ड्रामावाला, उरलेला त्यांच्या मागे फरफटत येणारा). सोलच्या पूर्वेला यांगप्योंग म्हणून भाग आहे तिथे एक दिवस जायचंय. इंग्रजीत सगळीकडे काउंटी लिहिलंय, कोरियनमध्ये नावापुढे 'गुन' लागतं, यांगप्योंग-गुन. मी सरळ 'यांगप्योंग जिल्हा' लिहून टाकलं तर भाऊ म्हणतो चूक आहे, पण बरोबर काय ते त्यालाही सांगता येईना. कुणाला माहितीये का?

पिंपळपार : काउंटीच ठेवा की. अमेरिकेतली काउंटी आपण तशीच लिहितो, कोरियाने काय घोडं मारलंय.

मोडीवाचक : काउंटी लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त परदेशातलं काहीतरी आहे एवढंच कळतं. ताई, तुमचा भाऊ बरोबर आहे. जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कलेक्टर कचेरी येते, खाली दहाबारा तालुके येतात, आणि यांगप्योंग तेवढं मोठं नाहीच. क्षेत्रफळ साधारण 877 चौरस किमी. आता महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार 713 चौरस किमी, तालुके 358, भागाकार केला की सरासरी तालुका 860 च्या आसपास येतो, म्हणजे बरोब्बर आपला एक तालुका. आणि गंमत अशी की हे ग्योंगी प्रांतातलं आकाराने सगळ्यात मोठं युनिट आहे. लोकसंख्या मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आपल्या सरासरी तालुक्याच्या निम्मीसुद्धा नाही.

त्यामुळे माझं मत तालुका.

शेवचिवडा : मोडीकाका धन्यवाद, पण मग वरचा 'ग्योंगी-दो' म्हणजे जिल्हा का?

मोडीवाचक : नाही नाही, 'दो' म्हणजे प्रांत. दो च्या खाली थेट शी (शहर) किंवा गुन, मधे आपल्या जिल्ह्यासारखी पायरीच नाही. अख्खा दक्षिण कोरिया महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आहे, एवढ्या पायऱ्या हव्यात कशाला त्यांना.

तिसरी_घंटा : तालुका आकाराला ठीक आहे हो काका पण कारभाराला अजिबात नाही. तहसीलदार हा सरकारने नेमलेला, आज इथे उद्या बदली. गुनचा प्रमुख म्हणजे गुनसू, तो 1995 पासून लोक थेट मतदानाने निवडतात, 4 वर्षांची टर्म, सलग तीनदाच राहता येतं. शिवाय गुनची स्वतःची निवडून आलेली परिषद असते, बजेट असतं. त्याला तहसीलदार म्हटलं तर बिचारा राजीनामा देईल. मी वर्षभर सोलमध्ये कामाला होते तेव्हा इलेक्शनच्या दिवसांत स्टेशनबाहेर उमेदवार सॅश घालून, ट्रकवर गाणी लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करताना बघितलेत, हा रुबाब (आणि ही नम्रता) तहसीलदाराकडे कुठली.

खालचं पण बघा. यांगप्योंगमध्ये 1 उप आणि 11 म्योन आहेत. उप म्हणजे मोठं गाव किंवा छोटं शहर, साधारण 20 हजार वस्ती झाली की तो दर्जा मिळतो. म्योन म्हणजे काही गावांचा गट. त्याच्या खाली री, म्हणजे गाव. आता इथे उलटा प्रकार, म्योनचा प्रमुख नेमलेला सरकारी नोकर, आणि गावचा प्रमुख 'इजांग' हा गावातलाच माणूस, गावकऱ्यांनी नाव सुचवायचं आणि वरून नेमणूक व्हायची. म्हणजे सरपंच नाहीच तो, झालाच तर पोलीस पाटलाच्या जवळ.

पिंपळपार : म्हणजे आपल्याकडे खाली निवडणूक वर नेमणूक, त्यांच्याकडे वर निवडणूक खाली नेमणूक. बरं आहे, भावकीतली भांडणं तरी वाचत असतील.

तिसरी_घंटा : 😄 भांडणं सगळीकडे असतात पिंपळदादा, फक्त पोस्टर कमी.

खडूफळा : जरा उशिरा आलो. 'गुन' हा मूळ चिनी अक्षरातला शब्द, जपानी भाषेत तेच अक्षर, उच्चारही जवळजवळ 'गुन'च, पण जपानमध्ये आता गुनला स्वतःचा कारभार नाही, नुसतं पत्त्यात लिहायला उरलंय. म्हणजे एकाच शब्दाला दोन देशांत वेगळं वजन, मग एकच मराठी शब्द दोन्हीकडे चिकटवला तर गोंधळ होणारच.

आणि यांगप्योंग हे नाव बघा. ते आपोआप पडलेलं नाव नाही, 1908 मध्ये यांगगुन आणि जिप्योंग असे दोन जुने गुन एकत्र केले, पहिल्याचं यांग घेतलं दुसऱ्याचं प्योंग घेतलं, झालं नाव तयार. (त्या यांगगुनमधला गुन वेगळा बरं का, त्याचा अर्थ मूळ, झाडाचं मूळ.) ही त्यांची जुनी खोड आहे, ग्योंगजू आणि सांगजू मिळून ग्योंगसांग प्रांत, जोन्जू आणि नाजू मिळून जोल्ला. जिप्योंग मात्र पुसलं गेलं नाही, अजून म्योनचं नाव आहे, आणि 1951 च्या फेब्रुवारीत तिथेच अमेरिकन आणि फ्रेंच तुकड्यांनी चिनी सैन्याचा वेढा झेलला होता, कोरियन युद्धाच्या इतिहासात ते 'चिप्योंगनी' म्हणून सापडेल.

शेवचिवडा : अरे वा! काल भाऊ मला विचारत होता प्योंगयांगला कशाला जाताय, व्हिसा देतील का 🤦‍♀️

खडूफळा : अक्षरं उलटी केली की तसंच वाटतं! प्योंग दोन्हीकडे एकच, अर्थ सपाट. यांग मात्र वेगळे, उत्तर कोरियाच्या राजधानीतला यांग म्हणजे माती आणि तुमच्या सहलीतला यांग म्हणजे वाळुंजासारखं झाड. लिहिताना दोनदा तपासा, उगाच आईवडील घाबरायचे.

तिसरी_घंटा : अजून एक सापळा, सोलच्या मेट्रो लाइन 5 वर पण यांगप्योंग स्टेशन आहे, ते शहरातच, योंगदुंगपो भागात, या गुनशी त्याचा काही संबंध नाही. तुम्हाला ग्योंगुई-जुंगांग लाइन पकडायची आहे. त्या लाइनवर यांगसू स्टेशनला उतरलात की दुमुलमोरी. उत्तरेची बुखान आणि दक्षिणेची नामहान नदी तिथे मिळते आणि पुढे सोलमधून जाणारी हान नदी होते. दु म्हणजे दोन, मुल म्हणजे पाणी, मोरी म्हणजे डोकं. यांगसू हा त्याचाच चिनी अक्षरांतला अवतार, दोन पाणी. कराडच्या प्रीतिसंगमासारखं समोरासमोर भिडणं नाही, इथे पाणी संथ आणि पसरलेलं, कारण खाली पालदांगचं धरण आहे.

आणि खरं सांगू का, या गुनचं सगळं नशीब त्या धरणाने ठरवलंय. सोल आणि आसपासच्या 2 कोटींहून जास्त लोकांचं पिण्याचं पाणी तिथून जातं, म्हणून यांगप्योंगमध्ये कारखाने, मोठी बांधकामं यांच्यावर कडक बंधनं. राजधानीच्या इतकं जवळ असून शी झालं नाही त्यात याचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. ग्योंगीत आता 28 शी आणि फक्त 3 गुन उरलेत, हे, गाप्योंग आणि योन्चोन. शेजारचं योजू 2013 ला शी झालं. मग इथे काय वाढलं तर सेंद्रिय शेती, कॅफे आणि सोलवाल्यांची वीकेंडची घरं. त्या शेतीचं पण सोपं नव्हतं, सरकारच्या चार नद्या सुधारण्याच्या प्रकल्पात दुमुलमोरीच्या शेतकऱ्यांना उठवायला निघाले होते, 2012 पर्यंत झगडा चालला.

मोडीवाचक : पटलं. तालुका मागे घेत नाही पण असं लिहा ताई, पहिल्यांदा 'यांगप्योंग गुन (आपल्या तालुक्याएवढा, पण निवडून आलेला प्रमुख असलेला भाग)' आणि नंतर नुसतं यांगप्योंग. परगणा हा शब्द पण मनात आला होता, छान आहे, पण वाचणारा थेट पेशवाईत जाईल.

शेवचिवडा : डन काका. शेवटचं, नामी बेट गाप्योंग गुनमध्येच लिहू ना? सगळे तसंच म्हणतात.

तिसरी_घंटा : नको. बोट गाप्योंगच्या धक्क्यावरून सुटते म्हणून तसं म्हणतात, बेट चुन्चोन शहराच्या हद्दीत, म्हणजे प्रांतच बदलला, गांगवोन. बोट पाचेक मिनिटांची आहे, तेवढ्यात ग्रुपला सांगून टाका.