माहितीपट करायचाय, नोकरी सोडू का?

शेवंता_२९

नमस्कार मंडळी. पुण्यात आयटीत सहा वर्षं झाली. कॉलेजपासून माहितीपट बघायचं वेड आहे, आता स्वतः एक करायचाय. विषय ठरलाय: लडाखच्या चांगथांग पठारावर पश्मिना शेळ्या राखणारे चांगपा लोक. साठवलेले सहा लाख आहेत, त्यातले पावणेतीन कॅमेरा-लेन्समध्ये जातील. एकवीस दिवसांत शूटिंग उरकायचं असा बेत आहे.

प्रश्न असे: आधी एखादा कोर्स करावा का? पटकथा आधी लिहितात की नंतर? आणि या धंद्यात पोट कसं भरतं? आई म्हणते, "आधी लग्न कर, मग त्याचंच शूटिंग कर."

बोरूबहाद्दर

आईंचा मुद्दा बिनतोड आहे. बाकी जाणकार सांगतीलच.

ठोका

आईंना हसू नका. माझं घर सात वर्षं लग्नांच्या शूटिंगवरच चाललंय. नोव्हेंबर ते मे लग्नं, मधूनमधून एखाद्या कारखान्याची सुरक्षेवरची फिल्म, आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचं काम. माहितीपटानं पोट भरणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि त्याची बायको बँकेत आहे. तेव्हा नोकरी इतक्यात सोडू नका.

दुसरं, विषय. मीही पहिल्यांदा लांबच पळालो होतो, अरुणाचलला. अठरा दिवस, सुंदर डोंगर, सुंदर ढग, आणि माणसं सगळी माझ्याकडे बघून हसणारी. ते फुटेज अजून हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. मग पैसे संपले म्हणून नाइलाजानं कसब्यातल्या तांबट आळीत शिरलो. घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं.

तिथे एक काका. सत्तरी ओलांडलेले, मांडी घालून बसायचे, समोर लोखंडी दांड्यावर तांब्याचं भांडं आणि हातात हातोडी. मठारकाम म्हणजे भांड्यावर ओळीनं ठोके देत जायचं, एकाला लागून दुसरा. मी पहिल्या दिवशी त्यांना कॉलर माइक लावला, बोलण्याच्या हिशोबानं आवाज लावला आणि विचारलं, "काका, हे काम कधीपासून करता?" त्यांनी हातोडी खाली ठेवली, चष्मा सारखा केला आणि उत्तर दिलं. पुढचा प्रश्न, पुन्हा हातोडी खाली. दोन तासांत भांड्यावर एक ओळही पुरी झाली नाही. मधे जे काही ठोके पडले त्यांचा आवाज पार फाटलेला. शेवटी काकाच म्हणाले, "तुझं झालं की सांग, मला काम आहे."

हे असं पाच-सहा खेपा चाललं. घर लांब असतं तर तिथेच गाशा गुंडाळला असता. सातव्या-आठव्या खेपेला मी प्रश्न विचारणंच सोडलं. माइक त्यांच्यापासून काढून कोपऱ्यात ठेवला, आवाज कमी केला, कानाला हेडफोन लावून नुसता बसलो. अकराव्या खेपेला हातोडी न थांबवता काका आपणहून बोलले, पण माझ्याशी नाही, पुतण्याशी: "कान कुठाय तुझा? पत्रा कडक झाला, भट्टीत घाल." तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. ती वेळ त्यांना आवाजावरून कळते. पाच महिने मी तिथे बसलो होतो आणि मला तो फरक एकदाही ऐकू आला नव्हता. माझी फिल्म त्या वाक्यापासून सुरू झाली. आधीचं बहुतेक सगळं फेकून दिलं.

पटकथेचं उत्तर यातच आलं. आधी दोन पानांचं टिपण लिहा, पैसे मागायला लागतंच. खरं लिखाण शूटिंगनंतर. माझं त्रेचाळीस तासांचं फुटेज होतं. सगळं बघून वहीत नोंदी केल्या, दृश्यांच्या चिठ्ठ्या करून भिंतीवर लावल्या, त्या चार महिने इकडून तिकडे हलवल्या. फिल्म झाली सव्वीस मिनिटांची. पूर्ण व्हायला अडीच वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष एका संस्थेच्या कबूल केलेल्या पैशांची वाट बघण्यात गेलं, ते आलेच नाहीत. लेखी घेत चला.

कोर्स परवडत असेल तर जरूर करा, पण अडून बसू नका. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. चाळिशी उलटल्यावर 'बाई' हा पहिला लघुपट केला, १९८५ साली.

आणि जवळचं म्हणजे किरकोळ असं समजू नका. फाळक्यांनी कथापटाआधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' दाखवली. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' १९९७ च्या मुंबईतल्या रमाबाई नगरच्या दलित वस्तीवरच्या पोलीस गोळीबारापासून सुरू होतो आणि पुरा होतो २०११ साली. चौदा वर्षं! त्या गोळीबारानंतर आत्महत्या केलेले शाहीर विलास घोगरे पटवर्धनांना नवे नव्हते, १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांचं गाणं आहे. हे एकवीस दिवसांच्या रजेत बसत नाही.

कात्री_आणि_डिंक

मी संकलन करते. वरचं बरंचसं पटलं, पण 'घराजवळच करा' हा नियम करू नका हो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'साठी आपल्याकडच्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजमागे कितीतरी वर्षं पायपीट केली. २०१६ साली ती फिल्म फ्रान्सच्या कान महोत्सवात पोचली.

शेवंता, व्यवहाराचं एक सांगते. ज्यांचं चित्रण कराल त्यांची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. माझ्याकडे एक फिल्म अडकली होती, कारण मुख्य बाईंची सही नव्हती आणि त्यांचं गाव सोडून कुटुंब कुठे गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) बघून या. १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो, माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपटांचा आहे. आठवडाभर नुसतं बघितलं तरी कान-डोळे उघडतात.

ठोका

कात्रीताई, मान्य. पण तेही पुन्हा पुन्हा गेलेच ना? माझं म्हणणं अंतराचं नाही, खेपांचं आहे. लडाखला अकरा खेपा परवडत असतील तर बिनधास्त लडाख.

शेवंता_२९

सगळ्यांचे आभार. अकरा खेपांचा हिशोब मांडला, विमानाच्या तिकिटांतच कॅमेरा संपला. कॅमेरा तूर्त भाड्यानं घेते.

ठोकादादा, काकांनी फिल्म बघितली का? काय म्हणाले?

ठोका

बघितली, त्यांच्याच दुकानात, माझ्या लॅपटॉपवर. अर्धा वेळ डोळे मिटूनच होते, मला वाटलं झोप लागली. चौदाव्या मिनिटाला हात वर केला, म्हणाले, "इथं भांडं बदललंस." मी दोन वेगवेगळ्या दिवसांचे ठोके जोडले होते. एक भट्टीच्या आधीचा, एक नंतरचा. चित्रात कुणाला कळलं नव्हतं, ज्याला ज्याला दाखवली त्यांतल्या कुणालाच. घरी येऊन तो जोड उसवला. नवा ठोका मिळेना, म्हणून परत आळीत गेलो.